औषधालाही चाल नाही

छोटूने बँड सोडला तेव्हा घरात कुणी रडलं नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. छोटू म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय चाळिशीच्या पलीकडे, केस पाठीवर, दाढी छातीवर, पण घरात अजून छोटूच. बँडमध्ये तो गिटार वाजवायचा आणि त्याची एक सोलो सुरू झाली की लोक खुर्च्यांवर चढायचे. हेच त्याचं दुःख होतं.

"लोकांना आवडतंय, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय, ताई," तो म्हणाला.

मी दातांची डॉक्टर. माझं काम आजवर कुणालाही आवडलेलं नाही. त्या हिशेबाने मी केवढी थोर असेन, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्याने जाहीर केलं की आता त्याचा एकट्याचा अल्बम येणार आणि त्यात चाल औषधालाही सापडणार नाही. चाल म्हणजे गुलामी. या गुलामीतून सुटण्यासाठी त्याने आमच्या फ्लॅटमधली मागची खोली ताब्यात घेतली. त्या खोलीत माझं कपाट होतं, ते बाहेर पॅसेजमध्ये आलं. खिडकीला गादी लागली. गिटारच्या तारा सैल करून त्यांत त्याने स्क्रूड्रायव्हर अडकवला, टेबलफॅनच्या पात्याला कागदाची पट्टी चिकटवली आणि ती तारांवर घासत फिरू दिली. गिटारच्या अँप्लिफायरमधून जो आवाज आला, तो ऐकून माझा हात आपसूक भुलीच्या इंजेक्शनकडे गेला असता, पण मी घरी होते.

"कसं वाटतंय?"

"अक्कलदाढ," मी म्हटलं.

तो खूश झाला. पहिल्या ट्रॅकचं नाव त्याने तेच ठेवलं.

पण आईचा विचार त्याने केला नव्हता. आई शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त आहे. गाणं कधी शिकली नाही, पण गुणगुणायची सवय जबरदस्त. वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं तरी आई त्याच्या सुरात सूर मिसळते, आणि आपण हे करतो याचा तिला पत्ताही नसतो. एका सकाळी छोटू चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेला, तर आई भाजी चिरता चिरता 'अक्कलदाढ' गुणगुणत होती. कागद तारेत अडकतो तिथल्या खटक्यासकट.

छोटूचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, हे काय म्हणतेयस?"

"मी? अय्या, तुझंच की रे ते. गोड आहे हो."

इतक्या वर्षांत कुणी त्याचा एवढा अपमान केला नव्हता. तो ताडताड खोलीत गेला आणि त्याने तो ट्रॅक पुसून टाकला.

त्याचं रेकॉर्डिंग करणारा एक मित्र आहे. तो दिवसभर मशीनच्या खुंट्या पिळत बसतो, म्हणून सगळे त्याला खुंट्या म्हणतात. तोडगा त्यानेच काढला. आईलाच परीक्षक करायचं. ती जे गुणगुणेल ते बाद! मग काय, हे दोघे खोलीचं दार उघडं टाकून ट्रॅक वाजवत आणि स्वयंपाकघराच्या दाराआड श्वास रोखून उभे राहत. आई बिचारी भांडी विसळतेय आणि दोन दाढीवाले तिच्या ओठांवर पाळत ठेवून आहेत, असं दृश्य मी क्लिनिकमधून आले की रोज बघत असे. ट्रॅकमागून ट्रॅक बाद होत गेले. एक मात्र टिकला. दोघांनी मिठ्या मारल्या, खुंट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी समजलं की आदल्या दिवशी आईचा घसा बसला होता.

शेवटी मी आईला बाजूला घेतलं. "आई, जरा तोंड मिटून राहशील का? तू गुणगुणतेस म्हणून त्याचा अल्बम संपत नाहीये."

"मी कुठे गाते गं?" ती म्हणाली. मग तिला पटलं असावं, कारण ती पदराशी चाळा करत नुसतीच उभी राहिली. त्या दिवसापासून ती गप्प झाली. वॉशिंग मशीन एकटंच घरघरत राहायचं. मला बरं वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही.

अल्बम मात्र भराभर पुरा झाला. नाव 'नकार'. मुखपृष्ठावर भिंतीवर पडलेली छोटूची सावली, कारण प्रत्यक्ष चेहरा दाखवणं म्हणजे तडजोड.

प्रकाशनाला एक लहानसा हॉल घेतला होता. काळ्या कपड्यांतली मंडळी सांत्वनाला आल्यासारखी बसली होती. हे चेहरे माझ्या ओळखीचे. माझ्या वेटिंग रूममध्ये असेच असतात. मी आणि आई दुसऱ्या रांगेत. छोटूने वाजवायला सुरुवात केली, बराच वेळ रेटलं आणि मधेच थांबला. पंखा फिरतोय, कागद फडफडतोय, छोटूचा हात हवेत. लोकांना वाटलं, हाही संगीताचाच भाग. एकाने तर भारावून डोळे मिटले. खुंट्या कशालाच न जोडलेली खुंटी जिवाच्या आकांताने पिळत होता.

आई माझ्या कानाशी लागली. "अगं, तो विसरलाय."

विसरणारच. ज्याला धरून चालायचं ते त्याने स्वतःच वेचून वेचून काढून टाकलं होतं.

"इथून त्याला वर जायचंय आणि मग झपकन खाली," आई कुजबुजली. "सांगू का? तू नको म्हणाली होतीस..."

"सांग बाई, सांग!"

मांडीवर पर्स तशीच धरून आई गुणगुणायला लागली. आधी हळू, मग चांगली खणखणीत. छोटूने चमकून पाहिलं. त्याचा हात वर गेला, झपकन खाली आला, आणि गाडी रुळावर आली. पुढच्या प्रत्येक वळणावर आई एक पाऊल आधी हजर. म्हणजे तोंड मिटून बाई इतके दिवस मनातल्या मनात सगळं म्हणतच होती.

लोक उभे राहिले. वृद्ध आवाजाचा एवढा निर्दय वापर आपण पाहिला नव्हता, असं एक समीक्षक म्हणाले आणि यामागचा विचार काय, हे त्यांनी आईलाच विचारलं.

"विचार कसला? हा शाळेतही कविता विसरायचा. मी विंगेतून सांगायची."

समीक्षकांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

सगळे गेल्यावर छोटू अँपवर मान खाली घालून बसला. "म्हणजे चाल आहेच त्यात."

"आहे की," आई म्हणाली. "आणि चांगली आहे. तुला का लाज वाटते तिची?"

त्याने टेबलफॅन बंद केला. मग दाढीतून आवाज आला, "कुठली जागा सगळ्यात बरी वाटली?"

आईने म्हणून दाखवली. त्याने स्क्रूड्रायव्हर काढून ठेवला, तारा पिळल्या आणि तेवढीच जागा वाजवली. साधी, सरळ. हॉलचा माणूस खुर्च्या उचलायला आला तरी दोघांचं चाललंच होतं. मी पार्किंगमध्ये जाऊन थांबले. डोळे पुसताना मला कुणी पाहिलेलं आवडत नाही.

आता त्याला गावोगावची बोलावणी येतात, आणि आयोजक आधी विचारतात, "मातोश्री येणार ना?" मातोश्रींची अट एकच, पाठ टेकायची खुर्ची. माझं कपाट खोलीत परत गेलं.

परवा दौऱ्यावरून आईचा फोन आला. "जेवलीस का? आज तो काही विसरलाच नाही गं." आवाज जरा पडलेला होता.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? बसल्याबसल्या म्हटलं तरी."