जोडचाकांमधली जागा

पास्कूकाकांचा लाकडी हातोडा टायरवर पडला की भरल्या रांजणावर थाप मारावी तसा एक नाद उठे, घुमे आणि मातीत मुरून जाई. भाद्रपदातलं धुतलेलं ऊन बोळिंजच्या नव्या इमारतींच्या काचांवरून घसरत त्यांच्या पंक्चरच्या दुकानात उतरायचं. त्या उजेडात काका मान कलती करून त्या नादाचा शेवट ऐकत उभे असायचे. सत्तरी ओलांडलेला, उसाच्या कांडासारखा ताठ, पेरापेरांचा माणूस. रबराने काळे झालेले तळवे, आणि चेहऱ्यावर मात्र चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून नुकतंच परतल्यासारखी स्वच्छ शांतता.

मी गेले होते टेम्पोला मोठे टायर चढवायला. मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं असलेला हा टेम्पो मी स्वतः चालवते; अर्नाळ्याच्या धक्क्यावरून मासळी उचलून बाजारात पोहोचवते. उधाणाच्या भरतीत धक्क्याजवळचा रस्ता खाऱ्या पाण्याखाली जाई आणि मला अलीकडेच थांबावं लागे; ओहोटी लागेपर्यंत मी काकांच्या दुकानात येऊन बसे. मासळीवाल्या बायकांनी शेवटचं सांगितलं होतं: येत्या अमावास्येला गाडी धक्क्यापर्यंत आली नाही, तर मासळी दुसऱ्याच्या गाडीत जाईल. अमावास्या चार दिवसांवर होती.

वहीत मी सगळं मांडलं होतं. मडगार्डची उंची, पुढची चाकं पूर्ण वळताना लागणारी मोकळीक, स्टेपनीची जागा. सहा नवेकोरे टायर, उंच आणि चांगले रुंद. त्यांच्या वासानेच मला हुरूप आला होता. काकांनी मागची चारही चाकं चढवली तेव्हा गाडी अशी उभी राहिली, जणू तिने पाण्यात शिरण्याआधी पदर खोचला होता.

"निघू?" मी विचारलं.

"रिकामी गाडी खोटं बोलते, बाय. ओझं घाल."

ही त्यांची रीत. भरल्या गाडीखाली आडवं झाल्याशिवाय त्यांनी कुणाला सोडलं नाही. शेजारच्या बांधकामावरून वाळूची पोती आणून टाकली, तरी त्यांचं समाधान होईना. समोर बाजार आटोपून, रिकाम्या पाट्या घेऊन, अर्नाळ्याच्या बसची वाट पाहत त्याच मासळीवाल्या बायका उभ्या होत्या. त्यांना घरी सोडायचं कबूल केलं तशा दहाही जणी हसत, एकमेकींना ओढत वर चढल्या.

"ए काका, वजन आमचा आनि परीक्षा टायराची?" त्यांच्यातली हिराबाय ओरडली.

"तुझ्या एकटीनं भागलं असतं," काका गाडीखालून म्हणाले, "पण बाकीच्या रुसतील."

मग त्यांनी तळहात उभा धरला आणि जोडचाकांच्या मधल्या फटीतून हळूहळू खाली नेला, धान्याच्या राशीतून हात फिरवावा तसा. वरच्या बाजूला हात सहज गेला. जमिनीपाशी, जिथे भाराने टायरांचे गाल फुगले होते, तिथे तो अडला. दोन्ही टायर एकमेकांना टेकले होते.

"एवढं सगळं लिहिलंस. या दोघांच्या मधली जागा कुठं लिहिलीस?"

मी वही उघडली नाही. नव्हतीच लिहिली.

"चार दिवस चालतील ना?"

"चालतील की. घासतील, तापतील, आणि पाण्याच्या मध्यावर एक फाटेल." ते बाहेर आले, हात झटकले. "तुला उंची पाहिजे ना? मग जाडी कशाला घेतलीस? तेवढाच भार पेलणारा, उंच पण सडपातळ घे."

"म्हंजे आमच्यासारखा नको," हिराबाय वरून म्हणाली, "काकासारखा."

पोती उतरवून, सावकाश चालवत बायकांना अर्नाळ्याला सोडून मी तशीच, जिथून टायर घेतले होते त्या दुकानात गेले. टायर बदलून घेतले, काकांनी ते चढवले, पुन्हा पोती टाकली, आणि या वेळी बायकांच्या जागी गवंडी चढले. तळहात पुन्हा फटीत शिरला आणि वरपासून खालपर्यंत, कुठेही न अडता, शिडात वारा शिरावा तसा पार गेला. काका हसले. ते क्वचित हसत. त्या हसण्याने दुकानातला संध्याकाळचा पिवळा उजेड एकदम सणासारखा वाटला.

अमावास्येच्या दुपारी मी गाडी पाण्यात घातली. दोन्ही बाजूंना पाणी फाटत गेलं, त्याचा फेस उन्हात चांदीसारखा उडाला, आणि धक्क्यावर उभ्या बायकांच्या आरोळ्या, पाट्यांवरच्या थापा, ओल्या जाळ्यांचा वास हे सगळं एकदमच माझ्या अंगावर आलं. माझं काम माझ्याकडे राहिलं.

पुढच्या वर्षी, अशाच एका उधाणात, पास्कूकाका गेले. निरोप आला तेव्हा मी पाण्यापलीकडे, धक्क्यावर मासळी भरत होते. जुन्या चाकांवर असते तर भरतीमुळे अलीकडेच अडकले असते, आणि ओहोटीची वाट पाहताना नेहमीप्रमाणे त्यांच्या दुकानात जाऊन बसले असते. काळ माणसाला पुढे नेतो तो असा. ज्याने आपली वाट मोकळी करून दिली, नेमकं त्याच्यापासूनच दूर.