निळी खुर्ची

"ताडपत्री ओढा जरा तुमच्या बाजूनं," मी म्हटलं.

मामंजींनी ओढली नाही. काठीनं फांदी झोडपत राहिले. ऑलिव्हं माझ्या डोक्यावर, पाठीवर टपाटपा आपटली, निम्मी लाल चिखलात गेली.

"काम हातानं करायचं असतंय, सूनबाई. तोंडाचं काय काम?"

"तोंडाचंच आहे. काल परत निळ्यात बसला होतात."

"बसलो हुतो. खुर्ची मोकळी हुती."

खुर्ची मोकळी होती म्हणे! आमच्या गावात चौकाच्या दोन बाजूंना दोन कॉफीघरं. एकाच्या खुर्च्या हिरव्या, दुसऱ्याच्या निळ्या. ज्या रंगाची खुर्ची बुडाखाली, त्या पक्षाला घरची सगळी मतं. सख्खे भाऊ समोरासमोर बसतात आणि मधला चौक मरेपर्यंत ओलांडत नाहीत. आमचे मामंजी, आर्गिरिस, तरुणपणी लाल, म्हणजे कम्युनिस्ट, म्हणून पकडले गेलेले. बिनपाण्याच्या बेटावर तीन वर्षं दगड फोडलेले. पुढं हिरवे आले, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यांची खुर्ची तिकडं, भिंतीलगत. आणि साठी उलटल्यावर, त्या सप्टेंबरात, हा माणूस चौक ओलांडून लालांना बेटावर धाडणाऱ्या निळ्यांत जाऊन बसला.

मला राजकारणाचं सोयरसुतक नव्हतं. मला यादीची काळजी होती. माझा नवरा मिल्तोस वीज कचेरीत रोजंदारीवर तारा ओढायचा. कायम करायच्या माणसांची यादी शनिवारी लागणार होती, आणि ती लिहायचा सत्तेवरच्या हिरव्यांचा गावातला पुढारी झिसिस. नाव नसलं तर मिल्तोस जहाजावर जाणार, अकरा-अकरा महिने. घरात तीन वर्षांची एवी, वारा सुटला की तिची छाती घरघरते. दवाखाना दोन डोंगर पलीकडं.

"झिसिसनं मिल्तोसला विचारलं, 'म्हातारा वाट चुकला का रे?'"

"झिसिस? त्याच्या बापाला खेचरावर बसायला मी शिकवलं. पडला हुता लिदीत."

"हसू नका. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, मामंजी. तुमचा पीळच आधी जळला."

काठी थांबली.

"विशीत माझ्यापाशी काय हुतं गं? एक फाटकी विजार अन् उवा. सगळ्यांचं सगळं वाटून घ्या म्हणायला माझ्या बाचं काय जात हुतं? आता साठ झाडं हायेत. एकेक खड्डा मी खणलाय. आता कुणी वाटा म्हणालं की पोटात दुखतं. झालं? का कालेजात ह्ये शिकवलं न्हाई तुला?"

"मग बेटावर कशाला सडलात?"

"गाढव हुतो. अन् हिरवी पोरं अजून गाढवच समजतात. मोर्च्यात पुढं चालवायचं, गळ्यात हार. भाषण संपलं की, 'आजोबा, जावा घरी, गारठा पडलाय.'"

"म्हणून त्या कोझमासशी पत्ते? ज्यानं तुम्हाला शिपायांच्या हाती दिलं?"

"व्हय. त्यो निदान म्हणतो, 'मी दिलं.' दुसरं कोण म्हणतंय?"

पुढं दिवसभर आम्ही पोती भरली, तोंडं बांधली.

शुक्रवारी सकाळी वारा वरून डोंगरातून येत होता. एवीला तापाचा चौथा दिवस. चार दिवसांत पाण्याशिवाय घशाखाली काही गेलं नव्हतं. मिल्तोस खांबावर, मामंजी निळ्यात. माझं डोकं फिरलं. पोरीला घोंगडीत गुंडाळून कडेवर मारली आणि सरळ आत शिरले. बाईमाणूस आमच्याकडं कॉफीघराचा उंबरा ओलांडत नाही. माना वळल्या.

"उठा," मी म्हटलं. "आत्ता माझ्याबरोबर चौक ओलांडा आणि हिरव्या खुर्चीत बसा. फक्त उद्यापर्यंत."

"डाव सुरू हाय."

"तुमच्या डावापायी माझं घर समुद्रात चाललंय!"

"माझ्या बुडाची खुर्ची सुना ठरवाय लागल्या का?" मामंजींनी पत्ता आपटला. "बेटावर मारून मारून म्हणायचे, लाल सोडलं म्हणून सही कर. न्हाई केली. अन् आता तू सांगणार, बस म्हणून?"

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात एवीपुढं मालकानं पाण्याचा पेला धरला, पेल्यात चमचा, चमच्यावर पांढऱ्या गोड पाकाचा गोळा.

"कोझमासकडून," तो म्हणाला.

कोझमास माझ्याकडं बघत नव्हता. सगळं कॉफीघर बघत होतं. कुणी पाजलेलं, चारलेलं तोंडाला लावलं की माणूस त्याच्या बाजूचा झाला, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. चौकापलीकडं हिरव्यांच्या काचेआड झिसिस उभा होता, हातात कप तसाच.

एवीनं चमचा उचलला. मी तिचं मनगट धरलं.

"आई, गोड," ती म्हणाली.

चार दिवसांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी मनगट सोडलं. तिनं गोळा चाटून संपवला, वर पाणी प्याली, आणि ओठ पुसून म्हणाली, "आणखी."

शनिवारी यादी लागली. चौदा नावं होती. त्यात झिसिसचा मेहुणा होता, त्याला शिडीवर चढलं की चक्कर येते. मिल्तोस नव्हता.

"बापापायी नाव गेलं असतं तर समजलो असतो," मिल्तोस पिशवी भरताना म्हणाला. "पण तू? तुला कुणी सांगितलं होतं तिथं थांबायला?"

"पोरगी खात होती."

"खात होती," तो म्हणाला, आणि पुढं बोट सुटेपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.

जूनमध्ये निवडणूक झाली. आजवरची सगळी मतं मी डोळे मिटून हिरव्यांना दिलेली. कॉलेजात असताना त्यांची पत्रकं वाटून माझ्या हातांना शाई लागायची. पडद्याआड गेले, प्रत्येक पक्षाची वेगळी मतचिठ्ठी असते, त्या सगळ्या हातात धरल्या, आणि डोळ्यांपुढं तो काचेआडचा कप आला. निळी पाकिटात घातली. बाकीच्या चुरगळून टोपलीत टाकल्या. झिसिस दाराशीच होता. मी त्याला "नमस्कार" म्हटलं, हसून.

परतीच्या वाटेवर मामंजी माझ्या पुढं चालत होते, एवी त्यांच्या खांद्यावर. वळणाशी थांबले.

"तुला म्हणून सांगतो," ते मागं न बघता म्हणाले. "लालच टाकली मी. निळी हातात धरली हुती. न्हाई गेली आत." मग थुंकले. "कोझमासला कळता कामा न्हाई. डाव मोडंल."

मी पुढं होऊन एवीचा निसटता बूट नीट बसवला.

"अन् तू गं? तू कुठली टाकलीस?"

"चला," मी म्हटलं, "पोरीच्या डोक्याला ऊन लागतंय."