गुलाबी रंगाची सुमती

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. त्या रविवारी सकाळी पद्मजाकाकू फोनवर म्हणाल्या, "रेणू, मी तुझ्या एकांकिकेत काम करत नाही. दुसरी सुमती शोध," आणि माझं डोकंच फिरलं.

प्रयोगाला तीन आठवडे होते. अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या मराठी मंडळात सुमतीला शोभेल असा आवाज एकच, काकूंचा. सत्तरीच्या आहेत, काचबिंदूने दृष्टी जाऊन आठ वर्षं झाली, पण त्या नुसतं "बसा" म्हणाल्या तरी शेवटच्या रांगेतला माणूस खाली बसतो. एकांकिका मीच लिहिली होती, मीच बसवत होते. काकूंना पाठ करता यावं म्हणून त्यांचं काम माझ्या आवाजात रेकॉर्ड करूनही पाठवलं होतं. आणखी काय करायला हवं होतं मी?

"तेच तर," काकू म्हणाल्या. "तुझं ऐकून ऐकून मी तुझ्यासारखीच बोलायला लागलेय. तू जिथे श्वास घेतेस तिथे मी घेते. मला नाटक वाचायचंय गं, स्वतः. वाचल्याशिवाय सुमती माझी व्हायची नाही. ते जमत नसेल तर राहू दे."

"मग वाचा ना! तुमचा लॅपटॉप बोलतो ना, पडद्यावरचं वाचून दाखवतो? फाइल पाठवते."

त्या फाइलचा मला केवढा अभिमान! लग्नाआधी पुण्यात एका प्रेसमध्ये मी सहा वर्षं डीटीपी केलंय. तेव्हाचाच फाँट अजून वापरते, बोटांना सवय आहे. प्रवेशांची शीर्षकं मोठी, ठळक, मधोमध. प्रत्येक पात्राला वेगळा रंग : सुमती गुलाबी, तिचा नवरा हिरवा, शेजारीण निळी. म्हणजे दर ओळीला नाव लिहायची कटकट नाही. पहिल्या पानावर मी स्वतः काढलेलं सेटचं चित्र. फाइल पाठवली आणि लगेच गाडी काढून काकूंकडे गेले, कौतुक ऐकायला.

काकूंनी कळ दाबली. माझ्या चित्रावर लॅपटॉप नुसतं म्हणाला, "ग्राफिक." मग "एल, यू, स्लॅश, सेमीकोलन" अशी जी बडबड सुरू झाली, ती थांबेचना. काकूंनी लॅपटॉप गप्प केला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. ते मला अजिबात बघवलं नाही.

माझी मुलगी हिमानी एका कॉलेजात हेच काम करते. अंध किंवा कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यांना वाचता येतील अशा फाइली तयार करून देते. तीन वर्षं ती जेवताना त्याबद्दल बोलतेय आणि तीन वर्षं मी "हो का, छान" म्हणत आमटी वाढतेय. तिला तिथूनच फोन लावला. तासाभरात आली, फाइल बघितली आणि कपाळावर हात मारला.

"आई, धिस इज नॉट इव्हन मराठी! तुझा फाँट वरून मराठी दिसतो फक्त. आत सगळी इंग्लिश लेटर्स आहेत. लॅपटॉप तीच वाचतोय."

"तीस वर्षं चाललंय असंच. कुणाची तक्रार नाही."

"कारण तू ज्यांना दिसतं त्यांनाच पाठवलंस."

मला राग आला, पण तिचं बरोबर होतं.

हिमानीने कुठूनसा एक प्रोग्रॅम काढून सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कम्प्यूटरलाही मराठी म्हणून कळेल असा, बदलून घेतला. काही जोडाक्षरं मोडली, ती मी भराभर दुरुस्त केली. मग काकूंनी पुन्हा कळ दाबली आणि लॅपटॉप चक्क मराठीत बोलला!

"कोण आहे दारात? बघ ना. मी नाही बघणार. मग मी बघू?"

मी टाळ्याच वाजवल्या. काकू मात्र मान कलती करून ऐकत होत्या. "छान. पण यातलं कोण काय म्हणतंय?"

"पहिलं वाक्य हिरवा. दुसरं पण. मग गुलाबी..." बोलता बोलता माझी मीच थांबले.

"गुलाबी मला आठवतो गं," काकू म्हणाल्या, "पण तो ऐकू येत नाही." आणि आम्ही तिघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग मी इरेलाच पेटले. दर ओळीआधी पात्राचं नाव घातलं. नुसतं मोठं आणि ठळक केलं म्हणून शीर्षक होत नाही, त्याला हेडिंगची स्टाइल द्यावी लागते, हे हिमानीने दाखवलं. मी दिली. "आजी, आता एच दाबा," हिमानी म्हणाली.

काकूंनी एच दाबलं. "प्रवेश पहिला." पुन्हा. "प्रवेश दुसरा." पुन्हा. "प्रवेश तिसरा." परत मागे, परत पुढे. "अगं, मी पानं उलटतेय!" काकू ओरडल्या. "आठ वर्षांनी पानं उलटतेय मी!"

राहिलं चित्र. लॅपटॉपने वाचून दाखवावं म्हणून त्याच्या वर्णनाच्या रकान्यात मी टाइप केलं, 'सेटचं चित्र.'

"सो व्हॉट?" हिमानी म्हणाली. "त्यात काय आहे ते सांग ना."

मी लिहिलं : 'डावीकडे अर्धं उघडं दार. उजवीकडे एकच खुर्ची, प्रेक्षकांकडे पाठ करून.' ते ऐकून काकू ताठ झाल्या. "म्हणजे सुरुवातीला मी पाठमोरी? हे मला कुणी सांगितलंच नाही! मस्त आहे हे!"

त्या वाचत सुटल्या. मधेच थांबून एखादं वाक्य मोठ्यांदा म्हणून बघायच्या, नको तसं, मग हवं तसं. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून अशी यायला लागली की मला एका जागी बसवेना. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, साखर घालायची विसरले, परत आले.

काकू तिसऱ्या प्रवेशात पोचल्या होत्या. अचानक थांबल्या. मागे गेल्या. तोच परिच्छेद पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा.

आणि मला एकदम आठवलं.

ते सुमतीचं स्वगत होतं. सव्वा पान. रेकॉर्डिंग करताना मी ते सरळ वगळलं होतं. एवढं मोठं नुसतं ऐकून बिचारीला कसं पाठ होणार, असा विचार करून. त्याऐवजी शेजारणीला दोन ओळी देऊन वेळ मारून नेणार होते. आजच्या गडबडीत हे पान फाइलमध्ये तसंच आहे, याचा मला पार विसर पडला होता.

"हे रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं," काकू म्हणाल्या.

"नव्हतं."

"का?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "तुम्हाला झेपणार नाही असं वाटलं मला. चुकलं, काकू."

मला लाज वाटत होती, खरंच. 

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप थांबवला आणि स्वतः म्हणाल्या, "दार मी उघडलं नाही, कारण ते माझं दार होतं." मी ते वाक्य लिहिलं तेव्हा त्यात चीड होती. काकूंनी 'माझं'च्या आधी एक श्वास घेतला, आणि त्यात चीड नव्हतीच, निवांत मालकी होती. 

"शनिवारी तालमीला येते मी," त्या म्हणाल्या. "सव्वा पान पाठ करून. शेजारणीला सांग, तिचं काम आहे तेवढंच राहील." मग ड्रॉवर चाचपून त्यांनी इअरफोन काढले. "आणखी काय काय गाळलंयस ते आता माझं मी बघते."

दोन्ही कानांत इअरफोन घालून त्या पहिल्या पानावर गेल्या. लॅपटॉप आता फक्त त्यांच्याशी बोलत होता. थोड्या वेळाने त्या एकदम खुदकन हसल्या. माझ्याच नाटकातल्या कुठल्या ओळीला, ते मला कळायला काही मार्गच नव्हता.