थोरलेपण

सल्लागार बाईंनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे घंटी वाजू लागली, तसा उपव्यवस्थापकाने पाण्याच्या पेल्याकडे नेलेला हात मागे घेतला.

आजवर वर चढलेल्या साहेबांची बालपणे कंपनीने यंदा गोळा केली होती. ज्याचे बालपण त्यांच्याशी जुळेल तोच पुढे जाईल, असा बाईंचा ठोकताळा होता. आता बढतीसाठी पुन्हा जन्म घ्यायचा तेवढा राहिलाय, असे लेखा विभागातला मित्र हसत म्हणाला होता. चढलेले बहुतेक थोरले निघाले, हेही त्यानेच कानात सांगितले. यंदा नाव गळले तर हाताखालचा पोरगा डोक्यावर बसणार होता. म्हणून अर्जात ‘कितवे अपत्य’ यापुढे उपव्यवस्थापकाने ‘पहिले’ असे लिहिले.

खरा थोरला, त्याचा भाऊ, चार वर्षांनी मोठा होता, आणि लहानपण पाहिलेला माणूस म्हणून बाई आता त्यालाच फोन लावत होत्या. विचारले तर स्वतःला धाकटा म्हण, असे त्याला काल विनवले होते. तो ‘बघतो’ एवढेच म्हणाला होता.

फोन उचलला गेला. मागे कारखान्यातल्या यंत्राची घरघर होती. घरात मोठे कोण, बाईंनी विचारले.

“दादा. तुमच्यासमोर बसलाय तो.”

उपव्यवस्थापकाने श्वास सोडला. पण बाई थांबल्या नाहीत. वडील गेल्यावर घर कोणी सावरले?

हे ठरवलेले नव्हते. पलीकडची घरघर बंद पडली.

“त्यानंच. पहाटे पेपर टाकायचा, मग मला सायकलवरून शाळेत सोडायचा. थंडीत स्वतःचा स्वेटर मला घालायचा.”

“आणि तुम्ही?”

“मी काय, मागे कॅरिअरवर बसलेला असायचो.”

त्या स्वेटरच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबत. लोकरीला शाईचा वास येई, ताज्या वर्तमानपत्रांचा. उपव्यवस्थापकाने नकळत शर्टाच्या बाह्या मुठींवर ओढून घेतल्या.

बाईंनी समाधानाने मान डोलावली. असेच बालपण आम्ही शोधत होतो, त्या म्हणाल्या.

बाहेर जिन्याच्या वळणावर थांबून त्याने भावाला पुन्हा फोन लावला. यंत्र सुरू झाले होते. आभार मानावेत की माफी मागावी, हे ठरेना.

“रागावलास का रे?”

“नाही,” भाऊ शांतपणे म्हणाला. “बोल ना, दादा. अजून काही सांगायचं राहिलं का?”

त्या आवाजात कुठेतरी थट्टा असेल, या आशेने तो कान लावून उभा राहिला.