कंपाउंडरने काय पेरलं होतं

कंपाउंडरच्या बायकोला भाजी ओळखू यायची ती सुरीखाली आल्यावर. त्याआधीची भाजी, म्हणजे मातीतली, मुळांसकट, किडामुंगीसकट, हा नवऱ्याचा प्रांत. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला एक पायरी होती. पायरीच्या खाली तो आणि वर ती, अशी चौतीस वर्षं वाटणी चालली. भाजी आत यायची ती धुऊन, पालामुळं छाटून. कधी चुकून मातीचा पाय आत पडलाच, तर त्याला अर्धा तास बाहेर उभं राहून ऐकावं लागायचं. तो ऐकायचाही. बाहेर उभं राहणं त्याला तसंही आवडायचंच.

एका शनिवारी दुपारी त्याने वाफ्यात मूठभर बी फोकलं, हात झटकले आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "काय पेरलंय, सांग बघू."

ती भांडी विसळत होती. "उगवलं की दिसेलच."

"ओळखशील?"

"आंधळी नाहीये मी."

मंगळवारी सकाळी तो दवाखान्यात, औषधांच्या खिडकीमागे, कुणाच्या तरी बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवता चिकटवता गेला. जाण्याआधी बाटली त्याने नीट टेबलावर ठेवली, असं तिथली नर्स सगळ्यांना सांगत होती. दुसरं सांगण्यासारखं काही नसल्यामुळे बायकोलाही ते तीनदा ऐकावं लागलं.

दफनाला अख्खं चर्च लोटलं होतं. पहिल्या आठवड्यात घरी एकवीस माणसं येऊन गेली, दुसऱ्यात सहा. तिसऱ्यात दोन आली, आणि त्यातलं एक आपली छत्री न्यायला आलं होतं. यात कुणाचं काही चुकलं असं नाही. माणसं दुःखाला भेटायला येतात. नंतर उरतं त्याला भेटायला यायचं, तर बोलायचं काय?

त्याच तिसऱ्या आठवड्यात वाफा हिरवा झाला.

ती पायरीवर आली, वाकली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही. गोल पानं होती, लांबट होती, लाल देठाची होती, गवतासारखी होती. ओळीत काहीच नव्हतं. ओळीत शाळेतली पोरं उभी राहतात, भाजी नाही, असं तो म्हणायचा. अवजारांच्या खोलीत बियांच्या सतरा बाटल्या निघाल्या, सगळ्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या, आणि एकीवरही चिठ्ठी नाही. जन्मभर लोकांच्या बाटल्यांवर नाव, वेळ, जेवणाआधी की जेवणानंतर, सगळं लिहून चिकटवणारा माणूस. घरच्या बाटल्या मात्र डोक्यात ठेवून गेला.

मुलीने फोनवर सांगितलं, "आई, फोटो पाठव. फोनला झाडं ओळखता येतात आता." पाठवला. फोन म्हणाला, पालक. दुसऱ्या दिवशीच्या फोटोला म्हणाला, तंबाखू.

"बाबा तंबाखू लावणार नाहीत गं," ती म्हणाली.

"मग पालक असेल," मुलगी म्हणाली, आणि तिला मीटिंगला जायचं होतं.

दीर आला तो खुरपं घेऊनच. वीज कंपनीत मीटर वाचण्यात त्याची सगळी नोकरी सरलेली. "वहिनी, नुसतं जंगल झालंय. साफ करून टाकतो."

"नको भाऊजी. यांनी पेरलंय त्यात."

"मग पेरलेलं ठेवतो, बाकीचं काढतो."

"कोणतं ठेवाल?"

दीर वाकला. मीटरच्या काचेत बघावं तसे डोळे बारीक केले. "हे लाल देठाचं... हे रानच असणार."

"असणार, की आहे?"

"आता वहिनी, दिसतंय तरी तसंच."

"खुरपं ठेवा तिकडे आणि चहा घ्या."

चहा घेऊन तो गेला. ती पायरीवर बसून राहिली. चुकीचं उपटलं तर नवऱ्याचं शेवटचं काम आपल्याच हाताने गेलं, एवढं तिला समजत होतं. त्याने विचारलं तेव्हा भांडी खाली ठेवून एक शब्द विचारला असता, "काय हो?", तर ही वेळ आली नसती. ती भांडी काय पळून जात होती?

मग तिला लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेला दाखला आठवला. शेतात गव्हाबरोबर निदण, म्हणजे तण, उगवलं, आणि धन्याने चाकरांना सांगितलं की आत्ता हात लावू नका, निदणाबरोबर गहूही उपटाल. दोन्ही वाढू दे, कापणीला बघू. प्रभूने तिची अडचण दोन हजार वर्षं आधीच सोडवून ठेवली होती. त्या दिवसापासून तिने एक काडी उपटली नाही. सगळ्याला सारखं पाणी घातलं. रोज सकाळी पायरीवर उभी राहून ती प्रार्थना करायची, "प्रभू, यांचं ते वाढव. बाकीचं तू बघ."

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी गाठलंच. दिराने बातमी पोचवली होती. "बाई, तो दाखला माणसांबद्दल आहे. भाजीबद्दल नाही."

"मग प्रभूने शेताचं नाव कशाला घेतलं?"

पाळकसाहेब हसले. "काय उगवतंय ते कळलं की सांगा मात्र."

सगळ्याला सारखं पाणी, असं ती म्हणायची खरी, पण आई म्हणते ना माझं सगळ्या मुलांवर सारखंच प्रेम, त्यातलंच ते. मधोमध एक झाड जोमाने वर आलं. रुंद पानं, जाड खोड. वांगं असणार, असं तिने ठरवलं, कारण वांगी नवऱ्याला आवडायची. त्याला तिने काठीचा आधार दिला, भांड्यांचं पहिलं पाणी दिलं, दिवसभराच्या गोष्टी दिल्या. नळ गळतोय. मुलीचा फोन आला नाही. आज कुणीच आलं नाही. झाड वाढत गेलं. तीन महिने झाले, त्यावर लांब पांढरी फुलं आली, आणि ती इतकी हरखली की चर्चचं पत्रक द्यायला आलेल्या घंटावाल्याला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली.

चर्चची घंटा, झाडलोट आणि कबरस्तानातली बाग, तिन्ही त्याच्याकडे. त्याने फूल बघितलं, पान चोळून वास घेतला आणि हात पँटला पुसले.

"बाई, वांग्याचं फूल जांभळं असतं. हा धोत्रा आहे. विष."

"नीट बघा ना."

"बागेत दर महिन्याला चार उपटतो. लहानपणी दिसतो वांग्यासारखाच, भले भले फसतात. तुम्ही याची बोंडं भरून खाल्ली असती, तर मला परत घंटा बडवायला लागली असती. हातमोजे घालून उपटा. मी उपटू?"

"नको. मी बघते."

तो गेला. ती झाडाकडे वळली. तीन महिन्यांचं बोलणं त्यात होतं, आणि ऐकणारा हा निघाला. शेवटी तिने नवऱ्याचे हातमोजे घातले, खोड धरलं आणि ओढलं. येईना. पाय रोवून पुन्हा ओढलं, तेव्हा मातीचं मोठं ढेकूळ घेऊन ते बाहेर आलं. दाखल्यात सांगितलं होतं तसंच झालं. धोत्र्याच्या मुळांत गुंतून शेजारचं लाल देठाचं रोपही उपटलं गेलं. त्याच्या खाली मुठीएवढा गड्डा होता. तिने हातमोजा काढला, नखाने खरवडलं. बोट लालभडक झालं.

बीट.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने बीटला घरात बंदी केली होती. ओटा लाल, फडकी लाल, भात लाल. त्याने एकदाही वाद घातला नव्हता. आणि चौतीस वर्षांनी मूठभर पेरून, खिडकीशी येऊन, साळसूदपणे विचारत होता, ओळख बघू. म्हणजे तिच्या आवडीचं पेरून तिला खूश करायचा बेत नव्हताच. चक्क खोडी होती. गड्डे उकरून काढल्यावर तो पायरीशी उभा राहून अर्धा तास ऐकणार होता. त्याचीच तयारी चालली होती त्याची.

"अहो," ती म्हणाली. पुढचं सगळं तोंडाशी आलं होतं, ओटा, फडकी, भात, आणि ऐकायला वाफ्यात कुणी नव्हतं. ती तिथेच मातीत बसली.

शनिवारी संध्याकाळी तिने तो गड्डा उकडला, सोलला आणि एकटीने, मीठ लावून, सगळा खाल्ला. चव वाईट नव्हती. वाफा आता एका सकाळीत निंदून झाला असता. लाल देठ ठेवायचे, बाकी काढायचं, पोरालाही जमेल. तिने खुरप्याला हात लावला नाही.

रविवारी ती प्रभुभोजनाच्या रांगेत उभी राहिली. बोटं दोनदा साबणाने घासली होती, तरी पेरांपर्यंत लाल होती. नंतर दारात पाळकसाहेबांनी थांबवलं.

"घंटावाला म्हणत होता, निदण निघालं. काढलंत?"

"एक काढलं."

"मग? कंपाउंडरने काय पेरलं होतं, कळलं का?"

तिने हात गीतांच्या पुस्तकाखाली घेतले.

"अजून नाही," ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं. भाकर देताना ती लाल बोटं त्यांनी जवळून पाहिली होती.

"असू दे," ते म्हणाले. "घाई कुणाला आहे."