सुकडीचे लाडू

“ही सुकडी हाय!” रखमाजी इवायांनी तोंडातला घास पत्रावळीवर थुंकला. “दुष्काळी कामावरची सरकारी सुकडी! वऱ्हाडाला ही वाढता व्हय?”

नवऱ्यामुलाच्या बापानेच हात आखडल्यावर बाकीचे कसले जेवतात? चाळीस माणसं बोटं वर धरून बसली. मी मांडवाच्या मेढीला टेकून लेकीला पाजत होते. आवाजाने ती दचकली. सहा महिन्यांचं पोर ते, त्याला काय कळतंय, तरी मी तिच्या कानावर पदर ओढला.

माझ्या धाकट्या बहिणीचं, मनकर्णेचं, आमच्या मनीचं लग्न. सुपारी फुटली तेव्हा रखमाजी म्हणाले होते, “हुंडा नगं आमाला. पर पंगतीला गोड पायजे. गुळवणीवर भागवू नका.” जणू काही मागितलंच नाही! साखर रेशनवर, तीही येईल तेव्हा. आबा जाऊन दोन वर्षं झालेली. आई मिरजगावजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती.

दुपारी कामावर सुकडी मिळायची, भाजक्या पिठाचा गोड भुगा. आईने ती खायची सोडली आणि डब्यात भरायला लागली. तिच्या शेजारी बसणाऱ्या साळूमावशीने तिसऱ्या दिवशी हटकलं, “छबे, काय साठवतीस गं?” आईने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून टोळीतल्या अठराही बायका आपली निम्मी सुकडी आईच्या डब्यात टाकायला लागल्या. तीन आठवडे. अर्ध्या पोटी, त्या उन्हात.

मी लग्नासाठी माहेरी आले तेव्हा म्हटलं, “आई, वळखतील गं.”

“वळखू दे की. गोडच हाय. चोरून आनलंय का?”

आदल्या दिवशी साळूमावशीने त्यात गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून लाडू वळले. प्रत्येकावर एक अख्खा दाणा दाबला. “याद ऱ्हाईल बघ ही पंगत लोकान्ला,” म्हणाली.

राहील.

“वैनी, बघता काय?” सूर्यभानकाका चुलीकडे धावले. “म्होरं व्हा. पदर पसरा, पाया पडा त्यांच्या!”

याच काकांनी सकाळी आईला सांगितलं होतं, “तुमी चुलीम्होरंच बसा, वैनी. मांडवात येऊ नका, बरं दिसत न्हाई.” लेकीचं कन्यादान काकांनी केलं आणि जिने ती वाढवली ती धुरात बसून अक्षता कधी पडतात ते कानांनी ऐकत होती. मांडवात यायला ती अशुभ, पण पाया पडायला चालत होती.

माझ्या लग्नात एका मनगटी घड्याळापायी आबांनी आपला फेटा व्याह्यांच्या पायावर ठेवला होता. मुंडावळ्यांतून मी ते पाहिलं. तो फेटा अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

आई उठली. पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि मांडवात येऊन तिने खरंच पदर पसरला. काकांनी सुस्कारा सोडला. रखमाजींनी पाय जरा पुढे घेतले.

“इवाई, येक इचारू का?” आई म्हणाली. “सुकडी हाय ते तुमी वळखलं कशानं?”

“म्हंजी?”

“खाल्ल्याबिगर चव कळत न्हाई. तुमच्या गावात बी तलावाचं काम चालू हाय म्हनं.”

पंगतीच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. रखमाजींचा चेहरा तांबडालाल झाला. “उठा रं! समदी उठा!”

“उठा. पर लाडू हितंच ठिवा,” आई म्हणाली. “अठरा बायांनी पोटाला मारून दिल्यात. थुकाया न्हाई.”

ती वाकली. रखमाजींचा उष्टा लाडू तिने सोडला, शेजारचा उचलून पदरात टाकला. मग पुढचा. ती समोर वाकलेली असताना कुणाला उठता येईना. काहींनी खाली बघत आपल्याच हाताने पदरात ठेवले. ती वाकत पुढे सरकली तसे तिच्या पायाच्या बोटांवर जोडव्यांच्या जागी राहिलेले पांढरे वळ मला दिसले.

नवऱ्यामुलापुढे, कानिफनाथापुढे, ती थांबली. त्याच्या पत्रावळीवर लाडू नव्हता. त्याचे दोन्ही गाल फुगलेले होते. बाप बघत होता, तरी तो मान खाली घालून चावत राहिला. आई क्षणभर उभी राहिली आणि पुढे सरकली.

वऱ्हाड उपाशीच ट्रकमध्ये चढलं. मनीला वर घेताना रखमाजी म्हणाले, “मांडवपरतनीला लेक येईल म्हून वाट बघू नगा.” मनी रडलीसुद्धा नाही, आईकडे बघत राहिली.

“पोरीच्या संसाराला काडी लावलीत, वैनी,” काका म्हणाले.

“तुमी आईवानी उपाशी निजला व्हता का कदी, काका?” मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. लेक रडायला लागली, तरी मी थांबले नाही. काय काय बोलले ते मला आठवत नाही. आठवायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली. मीही गेले, लेकीला झोळीत घालून. दुपारच्या सुट्टीत आईने फडकं सोडलं आणि बायकांना लाडू वाटले.

“आमचाच आहेर आमालाच व्हय गं?” साळूमावशी म्हणाली. “पर झ्याक झालाय हां!” बायका भरल्या तोंडाने हसल्या. धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवया, ओठांना चिकटलेलं कूट. माझ्या बघण्यात एवढी चांगली पंगत दुसरी नाही.

आईने खाल्ला नाही. एक लाडू पदराच्या गाठीत बांधून ठेवला.

“तो कुनाचा?” मी विचारलं.

“मनीचा.”

मग ती खडी फोडत बसली. नगरकडून, मनीच्या सासरच्या वाटेनं, एसटी आली की तिचा हातोडा थांबायचा. गाडी फाट्यावर उभी राहायची, माणसं उतरायची, गाडी निघून जायची. आई पदराची गाठ चाचपायची आणि पुढचा दगड जवळ ओढायची.