वंदनाच्या डबीतलं शेण

बायनाबाईची कालवड नुसती शेपटी उडवत गेली तरी वंदनाचा जळफळाट व्हायचा. दोघी सख्ख्या जावा. हसनाबादेत अंगण एक, चुली दोन, गोठा एकच आणि त्यात मधे तुराट्यांचा कूड. दोघींच्या गायी एकाच आठवड्यात व्याल्या, दोघींना कालवडीच झाल्या, आणि तिथून चढाओढ लागली. म्हणजे वंदनाने लावली. बायनाबाईला पत्ताही नव्हता.

वंदनाने मोबाइलवर परदेशी डेअऱ्या पाहिल्या होत्या. तिने कालवड जन्मताच आईपासून तोडली, गायीला चाटूसुद्धा दिलं नाही. बाटलीने दूध, रोज साबणाने तोंड धुणं, जरा शेण पातळ झालं की मेडिकलमधून गोळी. बायनाबाईने काय केलं? काही नाही. तिची कालवड आईच्या अंगाखाली लोळायची, गव्हाणीतला उष्टा चारा चघळायची, शेणात तोंड घालायची. आणि मेली तीच बाळसं धरत होती! वंदनाच्या कालवडीच्या मात्र बरगड्या मोजून घ्याव्यात. असा अन्याय देवाने तरी का करावा?

त्यात पशुवैद्यकीय कॉलेजची प्रियदर्शनी येऊ लागली. वासरांच्या तोंडात आणि पोटात जंतूंची वस्ती कशी वाढते, हा तिचा अभ्यास. दर पंधरा दिवसांनी ती कापसाच्या काडीने हिरड्या पुसून न्यायची, आणि सकाळच्या ताज्या शेणासाठी नाव लिहिलेली डबी दोघींकडे आधीच देऊन ठेवायची.

"सगळे जंतू वाईट नसतात, काकू. चारा पचवतात ते जंतूच. वासराला ते आईच्या जिभेवरून, सडावरून मिळतात."

वंदनाने मान हलवली. हिला बायनाबाईनेच पढवलेलं दिसतंय, असं तिला वाटलं.

डबी भरायच्या दिवशी वंदनाच्या कालवडीने नुसतं पांढरट पाणी टाकलं. कुडापलीकडे घट्ट, देखणं शेण पडलेलं. शेणाला देखणं म्हणायची पाळी आली, यातच सगळं आलं. बायनाबाई डेअरीत दूध घालायला गेली होती. वंदनाने कुडाखालून हात घातला आणि आपली डबी भरली.

पंधरा दिवसांनी प्रियदर्शनी सांगत आली, "वंदनाकाकू, तोंडाचा नमुना कमजोर आहे, कोडंच आहे. पण पोट झकास! बायनाकाकूंच्या कालवडीइतकंच. औषध काही नको."

"वंदनानं मेहनतच तेवढी घेतली," बायनाबाई म्हणाली. ते शब्द वंदनाला आठ दिवस गोड लागले.

नवव्या दिवशी कालवडीने मान टाकली. चारा बंद, रवंथ बंद. वंदनाच्या नवऱ्याने, ओमप्रकाशने, फोन करून प्रियदर्शनीला बोलावलं. तिने पोट तपासलं आणि ती गोंधळली.

"पोट तर चांगलं होतं. काही विषारी खाल्लं असेल. त्याचंच औषध सुरू करू."

बायनाबाई कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सांगावं तर नेमकं हिच्यासमोर, आणि न सांगावं तर कालवड हातची जाणार. वंदनाने प्रियदर्शनीचा हात धरला.

"थांबा मॅडम. ते शेण हिचं नव्हतं."

"मंग कोणाचं?" ओमप्रकाशने विचारलं.

"जाऊबाईंच्या कालवडीचं. मी चोरून भरलं. हिचं पोट पयल्यापासून बिघडलेलं हाय. दोन महिने झाले, नुसती जळून राह्यले मी."

बायनाबाई उठली आणि कुडापलीकडे गेली. आता ही गावभर करणार, असं वंदनाला वाटलं. पण ती आपल्या गायीपाशी थांबली. गाय रवंथ करत होती. घास घशातून वर आला तसा बायनाबाईने गालफडातून हात घातला आणि हिरवा, लाळेने भिजलेला गोळा काढला. सासरे मेंढरं राखायचे तेव्हा रवंथ सोडलेल्या कोकराला असाच घास द्यायचे. वंदनाची स्वतःची गाय, कालवड तोडल्यापासून, कोणाला तोंडाजवळ येऊ देत नव्हती.

"द्या काकू, जल्दी द्या!" प्रियदर्शनी म्हणाली. "हेच जंतू हवेत हिला." तिने सलाइनही लावलं.

तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, बायनाबाईने घास भरवला. चौथ्या दिवशी कालवडीचा जबडा हलला. रवंथ! वंदनाला रडू कोसळलं. कालवड लटपटत उठली, वंदनाला ओलांडून गेली आणि बायनाबाईची बोटं चाटू लागली.

"बाई, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत," वंदना डोळे पुसत म्हणाली. "पण ही तुम्हाला चाटून राह्यली ना, ते मला बिलकुल बघवत न्हाई."

बायनाबाई खळखळून हसली. "मंग बघत कशाला बसली? संध्याकाळचा घास तू काढ."

संध्याकाळी तिने वंदनाचं मनगट धरून हात गायीच्या गालफडात सरकवला. जीभ गरम, खरखरीत लागली. घास निघाला. तो बायनाबाईच्या घासापेक्षा मोठा आहे असं वंदनाला वाटलं, आणि तो कालवडीला भरवण्याआधी तिने बायनाबाईच्या नाकापुढे धरून दाखवलाही.